ऑपरेटरसाहेबांना वाट दाखवली त्याची गोष्ट

मला धक्का बसायला फार काही लागत नाही, असं बायकोचं मत आहे. दुधाची पिशवी फुटली तरी मी कपाळाला हात लावून खुर्चीत बसतो, हे खरं आहे. पण गेल्या महिन्यात जे झालं, ते माझ्या जागी दुसऱ्या कुणाला झालं असतं तर तो आडवाच झाला असता. मी निदान उभा आहे. गुडघ्याला पट्टा बांधून का होईना, उभा आहे.

आमच्या खालच्या मजल्यावर ऑपरेटर राहतात. मोठ्या इस्पितळात टेलिफोनच्या बोर्डावर त्यांची तीस वर्षं गेली. त्यांना जन्मापासून दिसत नाही, पण आवाज असा गोड की ‘कृपया थांबा’ एवढं ऐकायला लोक पुन्हा फोन लावत असतील. घरात ते आणि त्यांची मुलगी, दोघंच. रोज सकाळी बापलेक एकमेकांच्या मनगटांना दोरी बांधून मैदानावर पळायचे, आणि मी चहाचा कप घेऊन बाल्कनीतून कौतुकानं बघायचो. व्यायामाशी माझा संबंध एवढाच होता आणि तो मला पुरत होता.

एक दिवस संध्याकाळी मुलगी वर आली आणि दारातच म्हणाली, “काका, मला नोकरी लागली.”

“वा! पेढे कुठायत?”

“पण मी जाणार नाहीये. परगावी आहे. तीन आठवड्यांनी मंगळवारी हजर व्हायचंय, आणि बाबांना सोडून माझा पाय निघत नाही.”

मी म्हटलं, तुझे बाबा स्वयंपाक करतात, कामावर एकटे जातात, माझ्यापेक्षा चांगली इस्त्री करतात. काळजी कसली?

“ते सगळं येतं त्यांना. नाही म्हणता येत नाही,” ती म्हणाली. “जो हात धरेल त्याच्यामागे जातात. परवा बसथांब्यावर उभे होते. कुणा भल्या माणसानं न विचारता धरलं आणि रस्त्यापलीकडे नेऊन ठेवलं. बाबा ‘आभारी आहे’ म्हणाले आणि पलीकडे उभे राहिले. बस गेली. मग दुसऱ्या भल्या माणसानं आणखी पुढे नेलं. त्या दिवशी बाबा कामावर पोचले तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती.”

मी हादरलोच. शहरात इतकी भली माणसं मोकाट फिरतात याची मला कल्पना नव्हती.

“हजर व्हायच्या आदल्या रविवारी शहराची दौड आहे, पाच किलोमीटर,” ती म्हणाली. “मी सोडून दुसऱ्या कुणाबरोबर बाबा ती धावले आणि नीट पार पडलं, तर मी दुसऱ्या दिवशी गाडीत बसेन. नाहीतर नेमणुकीचं पत्र फाडून टाकणार. काका, तुम्ही याल?”

आता, मी जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात चौकशीच्या खिडकीवर बसतो. सव्वीस वर्षं मी लोकांना कुठे जायचं ते सांगतो आहे. मार्गदर्शन माझ्या रक्तात आहे. मी छाती पुढे काढून म्हटलं, “तू बॅग भरायला घे. मी आहे ना!”

स्वयंपाकघरात बायकोला जोराचा ठसका लागला. तेव्हा मला तो खरंच ठसका वाटला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला मैदानावर शिकवणी सुरू झाली. दोरी म्हणून माझ्या पायजम्याची कोरी नाडी घेतली होती. एक टोक ऑपरेटरांच्या मनगटाला, एक माझ्या. मुलगी सायकलवरून बाजूनं येत होती. शंभर पावलं गेल्यावर पहिला खड्डा आला आणि मी म्हटलं, “अहो खड्डा, खड्डा, बाजूला व्हा, डावीकडे या, अहो डावीकडे म्हणतोय ना!”

ऑपरेटर खड्ड्यात गेले. वर “आभारी आहे” असंही म्हणाले.

मुलीनं सायकल थांबवली. “काका, तुम्ही सुनावताय.”

“मी सांगतोय.”

“नाही. ‘पाच पावलांवर डावीकडे खड्डा आहे’ हे कळवणं. ‘उजवीकडे व्हा’ हे सांगणं. ‘उजवीकडून बरं पडेल’ हे सुचवणं. ‘लक्ष ठेवा हं’ हे बजावणं. आणि ‘केव्हाचा ओरडतोय, तुमचं लक्ष कुठे आहे’ हे सुनावणं. तुम्ही पहिल्या चार पायऱ्या गाळून थेट पाचवीवर जाता. तुम्ही फक्त कळवायचं. पुढचं बाबा बघतील.”

घरी येऊन हा अपमान बायकोला सांगितला. तिला अपमान काही सापडेना. “बरोबर बोलली पोरगी,” म्हणाली. “लग्नाला बावीस वर्षं झाली, तुम्ही मला काही कळवल्याचं आठवत नाही.”

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त ड्रिलमास्तर सकाळी शिट्टी घेऊनच जिन्यात उभे. “मार्गदर्शन वगैरे सोडा. नेतृत्व करा! पुढे व्हायचं, मान वर, छाती बाहेर. मागचा आपोआप येतो.” समोरचे औषधवाले दुकान उघडायला निघाले होते, ते थबकले. “अहो, पुढे झालात तर मागच्याचं काय चाललंय ते दिसणार कसं? मागे राहायचं आणि हळूच रेटायचं. याला प्रोत्साहन म्हणतात.” ड्रिलमास्तर म्हणाले, याला ढकलणं म्हणतात. औषधवाले म्हणाले, तुमच्या त्याला फरफटवणं म्हणतात. मग आवाज चढले, शिट्टी वाजली, औषधवाल्यांनी ड्रिलमास्तरांची मधुमेहाची गोळी काढली, ड्रिलमास्तरांनी औषधवाल्यांचं पोट काढलं. ऑपरेटर दोघांच्या मध्ये भिंतीला टेकून हसतमुखानं उभे होते. दोघांनीही त्यांना विचारलं, “तुम्हीच सांगा, कोणाचं बरोबर?”

“दोघांचंही बरोबर आहे,” ऑपरेटर म्हणाले.

त्या दिवसापासून ड्रिलमास्तर गोळ्या लांबच्या दुकानातून आणतात. पण पुढे धावायचं की मागे, ते माझ्या डोक्यात पक्कं झालं नाही ते नाहीच. सोमवारी पुढे धावलो, मंगळवारी मागे. बुधवारी नाडी पायात अडकून दोघंही पडलो. ऑपरेटरांनी त्याबद्दलही माझे आभार मानले.

मग बायकोला घेऊन पालिकेत नाव नोंदवायला गेलो. नोंदणीच्या टेबलावरच्या बाईंनी माझ्याकडे वर न बघता विचारलं, “तुम्ही कोण? सोबती, मदतनीस, मार्गदर्शक की प्रशिक्षक?”

म्हटलं, सगळंच थोडं थोडं.

“तसं चालत नाही. सोबती शेजारून धावतो, पण बांधून घ्यायचं नाही आणि बोलायचं नाही. मदतनीस हात धरू शकतो, पण धावू शकत नाही. प्रशिक्षकानं कडेला उभं राहून ओरडायचं. मार्गदर्शकानं बांधून घ्यायचं, बोलायचं, पण ओढायचं नाही. ओढलं की बाद. आणि शेवटची रेषा धावणाऱ्याच्या आधी ओलांडली तरी बाद.”

“प्रशिक्षक घ्या,” बायको कानाशी पुटपुटली. “कडेला उभं राहून ओरडायचं. तुमचंच काम आहे.”

मी मार्गदर्शकावर खूण केली. बाई म्हणाल्या, “दृष्टी चांगली असल्याचा दाखला आणा. मार्ग दाखवायला तुम्ही पात्र आहात असं दोघांकडून लिहून आणा. आणि हा अर्ज इथे नाही, खिडकी नंबर चारला.”

चारवर गेलो. चार म्हणाली, आधी सातचा शिक्का हवा. सातवाला जेवायला गेला होता. तो आला आणि म्हणाला, हे चारचंच काम आहे, तुम्हाला इकडे कुणी पाठवलं? मी सव्वीस वर्षं खिडकीच्या आत बसलो आहे. खिडकीबाहेर माणसाचं काय होतं हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं आणि मला अक्षरशः घाम फुटला. चौथ्या फेरीला मी ओरडलो, “अहो, मीसुद्धा सरकारी माणूस आहे!” सातवाला म्हणाला, “मग तुम्हाला माहीत असायला हवं.” कप्पाळ माझं! डोळ्यांचा दाखला मिळाला. दोघांचं लिहून आणायला तीन दिवस लागले, कारण माझ्या पात्रतेवर सही करायला इमारतीत सगळ्यांनाच अचानक चष्मा सापडेना. शेवटी ड्रिलमास्तरांनी केली, आणि ते करतात म्हणून हट्टानं औषधवाल्यांनी केली.

रविवार उजाडला. माझ्या छातीवर बिल्ला लागला: मार्गदर्शक. तो लागल्याबरोबर माझ्यात जो बदल झाला तो मी आता कबूल करतो. तीन आठवडे ती मुलगी घसा फोडून सांगत होती की कळवा, फक्त कळवा. बिल्ला लागला आणि मी सगळं विसरलो.

मुलगी शेवटच्या रेषेजवळ, गाण्यांचा भोंगा लावलेल्या मैदानावर, जाऊन थांबणार होती. निघताना तिनं बाबांचा हात घट्ट धरला. मला म्हणाली, “काका, पन्नास मिनिटं आहेत. पन्नास मिनिटांनी रेषा बंद करतात.” तिचा चेहरा पांढरा पडला होता. पत्र तिच्या पिशवीत होतं, मला त्याचा कोपरा दिसत होता.

पहिले दोन किलोमीटर झकास गेले. मी बोलत होतो, ऑपरेटर धावत होते. रस्त्यात खड्डे नव्हते, तेव्हा मी त्यांना श्वास कसा घ्यावा, निवृत्तीनंतर काय करावं, इस्पितळाच्या टेलिफोनचा कारभार कसा सुधारता येईल, अशा बऱ्याच गोष्टी सांगितल्या. ते “हो, हो” म्हणत होते. इतका गुणी श्रोता मला घरी कधी मिळाला नाही.

मग कारंज्याचा चौक आला. तिथे एक बाई झेंडा घेऊन डावीकडे हात करत होत्या. पण माझ्यापुढची धडधाकट मंडळी उजवीकडे वळत होती. मी विचार केला, झेंडा दाखवणं वेगळं आणि वाट दाखवणं वेगळं. झेंडेवाल्याला झेंड्यापलीकडचं काय माहीत? माझ्या अनुभवाप्रमाणे, खिडकीवर जे लिहिलेलं असतं ते काम तिथे कधीच होत नाही. मी ठामपणे म्हटलं, “उजवीकडे!”

ऑपरेटर जरासे अडखळले. मग “बरं” म्हणाले आणि माझ्याबरोबर वळले.

धडधाकट मंडळी दहा किलोमीटरवाली होती, हे मला पुढे कळलं. तोवर ती दिसेनाशी झाली होती. रस्ता अरुंद होत गेला. फर्निचरची गोदामं लागली. एका माणसाला विचारलं, “मैदान कुठे?” त्यानं हातानं सगळ्या दिशा दाखवल्या. पुढे एक मोठं फाटक उघडं दिसलं आणि आत लांबलचक मोकळी जागा. मी म्हटलं, “चला, जवळचा रस्ता सापडला!”

तो बस धुण्याचा कारखाना होता. आम्ही शेडमध्ये अर्ध्यावर पोचलो आणि दोन्ही बाजूंनी पाण्याचे फवारे सुटले. पाठोपाठ साबण आला. एक पुरुषभर उंचीचा गोल ब्रश घरघरत माझ्याकडे येऊ लागला, तेव्हा मी अशी किंकाळी फोडली की मागची बस थांबली. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून म्हणाला, “अहो, चाललात कुठे?”

“शर्यत आहे!”

“इथे?”

तेवढ्यात माझ्या मनगटाला असा हिसका बसला की हात खांद्यातून निसटला असं वाटलं. ऑपरेटर उभे होते. डोक्यापासून पायापर्यंत फेस. आणि तीस वर्षं ‘कृपया थांबा’ म्हणणारा तो आवाज कडाडला, “थांबा!”

मी थांबलो. ड्रायव्हर थांबला. मला वाटतं, ब्रशसुद्धा थांबला.

“हा रस्ता चुकीचा आहे,” ते म्हणाले. “मैदानावरचा भोंगा इतका वेळ माझ्या डाव्या कानात वाजत होता. तुम्ही चौकात वळलात आणि तो पाठीमागे गेला. मला तिथेच कळलं होतं.”

मी गारच पडलो. “अहो मग बोलला का नाहीत?”

“कधी बोललोय?” ते ओरडले. “जन्मभर कधी बोललोय? कोणीही येतं, दंडाला धरतं, कुठेही नेऊन उभं करतं, आणि मी आभार मानतो! मला वाटतं, चांगला माणूस आहे, वाईट वाटेल. मला किती वाईट वाटतं ते कोण विचारतं? तुम्ही तीन आठवडे नुसते बोलताय. बोलताय, बोलताय, बोलताय! मी कसा श्वास घ्यायचा तेसुद्धा तुम्ही सांगताय! अहो, तो मी पन्नास वर्षं घेतोय! माझी पोरगी तिथे उभी आहे. आता तोंडातून एक शब्द काढायचा नाही. खड्डा आला तर खड्डा म्हणा. पायरी आली तर पायरी. बाकी मी बघतो. चला!”

माझ्याशी असं आजवर फक्त साहेब आणि बायको बोलले आहेत. इतर वेळी मी फणकाऱ्यानं निघून गेलो असतो, पण नाडी बांधलेली होती. आम्ही निघालो. ते मान जराशी तिरकी करून भोंग्याचा अदमास घ्यायचे आणि “डावीकडे” म्हणायचे. मी वळायचो. “खड्डा,” मी म्हणायचो. “मोरीचं झाकण.” “कुत्रा.” “बसलेला आहे.” आयुष्यात इतकं कमी मी कधी बोललो नव्हतो. खरं सांगायचं तर बोलायला दमही राहिला नव्हता. शेवटच्या किलोमीटरला नाडी ताणलेली होती, आणि ओढणारा मी नव्हतो.

मैदानावर पोचलो तेव्हा एक तास चौदा मिनिटं झाली होती. रेषेवरच्या फुगवलेल्या कमानीतली हवा काढून तिची गुंडाळी चालली होती. सतरंज्या झटकत होते. एक पदाधिकारी लगबगीनं आले. “वेळ संपली. रेषा बंद. या, या, तुम्हाला खुर्चीवर बसवतो,” असं म्हणत त्यांनी ऑपरेटरांचा दंड धरला.

“हात सोडा,” ऑपरेटर म्हणाले.

“अहो, मी मदतच…”

“रेषा कुठे आहे ते सांगा. सांगा म्हणालो, न्या म्हणालो नाही.”

पदाधिकाऱ्यांचा हात चटका बसल्यासारखा मागे गेला. “सरळ… सरळ वीस पावलं,” ते चाचरत म्हणाले. ऑपरेटर वीस पावलं सरळ धावले. मी अर्धं पाऊल मागे होतो. रेषेचा चुना पुसला गेला होता, पण ती ओलांडली. कुणी टाळी वाजवली नाही. मुलगी तिथे होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती मटकन गवतावर बसली आणि तोंडावर ओढणी दाबून हसायला लागली. जवळ गेलो तर ती हसत नव्हती.

मला वाटलं, संपलं. वेळ चुकली, वाट चुकली, माणूस साबणात बुडवून आणला. आता ही पत्र फाडणार आणि एका पोरीच्या आयुष्याचं वाटोळं माझ्या नावावर लागणार. रात्री मला जेवण गेलं नाही.

सोमवारी सकाळी दाराची बेल वाजली. बघतो तर मुलगी, खांद्याला बॅग, हातात पेढे. मागे ऑपरेटर.

“तू चाललीस?” मी थक्क झालो. “पण आम्ही तर हरलो!”

“काका, खरं सांगू? रागावू नका,” ती म्हणाली. “शर्यत जिंकायचीच नव्हती. बाबांनी एकदा तरी कुणाला तरी ‘नाही’ म्हणावं, एवढंच हवं होतं. माझ्यावर ते कधी चिडत नाहीत. असा माणूस हवा होता की त्याच्यापुढे देवालाही नाही म्हणावं लागेल. मला वाटलं होतं, पहिल्या आठवड्यातच होईल. बाबांची सहनशक्ती मला ठाऊक नव्हती.”

मी दाराची चौकट धरली. “आणि तुला अख्ख्या इमारतीत मीच सापडलो?”

“मला नाही सापडलात. काकूंनी सुचवलं.”

मी वळून बघितलं. बायको शांतपणे पेढ्याचा पुडा उघडत होती. “तुमच्याइतका खात्रीचा माणूस कुठून आणणार होते मी?” ती म्हणाली आणि एक पेढा माझ्या उघड्या तोंडात घातला.

बावीस वर्षांच्या संसारात एवढा मोठा धक्का मला बसला नव्हता. संतापावं असं फार वाटत होतं. पण तोंडात पेढा होता, आणि तो चांगला होता.

खाली टॅक्सीनं भोंगा दिला. मुलीनं बॅग उचलली आणि परत खाली ठेवली. मघापासून चुरूचुरू बोलणारी ती पोरगी एकदम लहान झाली. बाबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि डोळे भरून आले. “काका,” ती म्हणाली, “तुम्हाला काय वाटतं? मी जाऊ ना?”

सव्वीस वर्षांत हजारो माणसांना मी वाट सांगितली असेन. पण ‘तुम्हाला काय वाटतं’ असं कुणी मला मनापासून विचारल्याचं मला आठवत नाही. आणि मला काही म्हणजे काही सुचेना. जा म्हणावं तर त्या रिकाम्या घराचं काय, थांब म्हणावं तर तिच्या आयुष्याचं काय. मी पेढा गिळला.

“त्यांना काय विचारतेस?” ऑपरेटर म्हणाले. त्यांनी चाचपत तिची बॅग शोधली, उचलली आणि तिच्या खांद्यावर दिली. “मी सांगतो. जा.”

ती गेली. टॅक्सीचा आवाज विरेपर्यंत ते जिन्यात ताठ उभे होते. मग त्यांचे खांदे हलायला लागले. दंड धरू की नको, मला कळेना. शेवटी मी नुसतं कळवलं, “मी इथेच आहे.”